लेक नव्हे, आईच

नागपुरात राहून संत्र्याखेरीज दुसऱ्या फळाविषयी लिहायचे म्हणजे घरचे लग्न सोडून शेजारच्या वरातीत नाचण्यासारखे आहे. तरीही या वर्षी मला स्ट्रॉबेरीविषयीच लिहायचे आहे, आणि तेही फळाविषयी नव्हे, रोपाविषयी. फळ सगळ्यांच्या ओळखीचे आहे. डिसेंबर संपता संपता सीताबर्डीवरच्या हातगाड्यांवर त्या पारदर्शक डब्या दिसू लागतात, आपण भाव विचारतो, घेतो किंवा पुढे जातो. पण जमिनीवरून हात लांबवून एक झाड दुसरे झाड कसे उभे करते, आणि ते करताना आपल्याबरोबर काय काय पुढे पाठवते, हे मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवूनही नीट समजून घेतले नव्हते. समजले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे नुकसान झाल्यावर. त्यामुळे या लेखात अभ्यासाइतकाच कबुलीचाही भाग आहे.

हा विद्यार्थी चिखलदऱ्याकडचा. नागपूरहून अमरावती, परतवाडा करत घाट चढले की सुमारे अकराशे मीटर उंचीवर हे गाव लागते. भीमाने कीचकाला ज्या दरीत लोटले म्हणतात तीच ही दरी. विदर्भाच्या वाट्याला आलेली थोडीशी थंडी इथे साठवलेली आहे. कॉफी होते, आणि गेल्या काही वर्षांत मोथा आणि आसपासच्या गावांतून स्ट्रॉबेरीही होऊ लागली आहे. रोपे महाबळेश्वर-वाईकडून येतात, ऑक्टोबरात लागतात, उन्हाळ्याच्या तोंडावर हंगाम संपतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला भेटायला आला तेव्हा त्याने थर्माकोलच्या खोक्यात बारा रोपे आणली. ‘मॅडम, गच्चीवर लावून पहा. फळं खा, मग फेकून द्या,’ असे तो म्हणाला. यातले दुसरे वाक्य मी ऐकले नाही.

फळे आली, जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, रोज चार-पाच. मग ऊन वाढले, पानांच्या कडा करपू लागल्या. जीव असलेले झाड फेकून द्यायचे माझ्या हातून होत नाही. हिरव्या जाळीखाली, ओल्या विटांवर, कूलरच्या मागच्या ओलसर हवेत मी ती कुंड्या हलवत राहिले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. बारातली सात गेली, पाच उरली. मृगाचा पाऊस पडला आणि त्या पाचांनी असे काही हात पसरले की जुलैअखेर गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

ते हात म्हणजे रनर. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला ‘धावते खोड’ म्हणत, आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न असे. स्ट्रॉबेरीला उभे खोड जवळजवळ नसतेच. जमिनीलगत बोटभर उंचीचा एक जाड बुंधा असतो. शेतकरी त्याला क्राऊन म्हणतात. पाने, फुलोरा, मुळे, सगळे त्याच्यातूनच निघते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो आणि त्याच्यापुढे तीन वाटा असतात. तो निजून राहील, किंवा फुटून शेजारी आणखी एक क्राऊन करील, किंवा दोरीसारखा लांबत बाहेर पडून रनर होईल. रनरच्या पहिल्या पेरावर बहुधा काही घडत नाही. दुसऱ्या पेरापाशी त्याचे टोक वर वळते, दोन-तीन चिमुकली पाने उलगडतात आणि खालच्या बाजूला मुळांचे पांढरे कोंब दिसू लागतात. त्यांना ओली माती मिळाली तर चार-आठ दिवसांत ते आत शिरतात. नाही मिळाली तर टोकाशी तपकिरी होऊन थांबतात. मग या पिलाच्याच पानाच्या बगलेतून पुढचा रनर निघतो. आईपासून पहिले पिलू, पहिल्यापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे, अशी एका दोरीवर माळ लागते. दोरी हिरवी असेपर्यंत आईकडून पाणी आणि अन्न पिलाकडे जात राहते. पिलाची मुळे पुरेशी झाली की दोरी हळूहळू सुकते.

ही युक्ती एकट्या स्ट्रॉबेरीची नाही. हरळी हेच करते. ‘हरळीची मुळी’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या वैतागातूनच भाषेत आला असणार. ओलसर कोपऱ्यातली ब्राह्मी हेच करते. आणि नागपूरकरांना मोठे उदाहरण हवे असेल तर अंबाझरी तलावावर माजलेली जलपर्णी आठवावी. काठावरून तिथे हजारो झाडे दिसतात, पण त्यातली बहुतेक थोड्याच झाडांच्या लांबलेल्या हातांवर उभी राहिलेली असतात.

इथे भाषा आपल्याला फसवते. आपण ‘मातृरोप’ म्हणतो, ‘पिलू’ म्हणतो, इंग्रजीतही आई-मुलीचीच नावे आहेत. खरे तर यात कुणाचा जन्मच झालेला नसतो. मुलगी म्हणजे दोन जिवांच्या गुणांची नवी सरमिसळ. रनरवरच्या रोपात सरमिसळ नाही. आईच्या पेशी विभागत, लांबत दोन हात पलीकडे जाऊन पुन्हा पाने-मुळे धरतात, एवढेच. ती लेक नव्हे, आईच. फक्त जागा बदललेली.

याचा अर्थ किती दूरवर जातो ते पाहायचे तर तीनशे वर्षे मागे, फ्रान्समध्ये जावे लागते. ही गोष्ट मला इतकी आवडते की ती थोडी सविस्तर सांगणार आहे.

आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता. आडनावातच स्ट्रॉबेरी, फ्रेंचमध्ये या फळाला फ्रेझ म्हणतात. १७१२ साली त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवले ते स्पॅनिशांचे किल्ले आणि बंदरे पाहून टिपणे काढायला, म्हणजे सरळ बोलायचे तर हेरगिरीला. चिलीत त्याला एक स्ट्रॉबेरी दिसली. युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीचे फळ नखाएवढे. हे त्याच्या कितीतरी पट मोठे. १७१४ साली परत निघताना त्याने काही रोपे बरोबर घेतली. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, पिण्याचे पाणी मोजून मिळायचे. जहाजावरच्या मालाच्या अधिकाऱ्याने रोपांसाठी पाणी दिले, त्याबद्दल पाचांतली दोन रोपे त्याला द्यावी लागली. उरलेल्या तिनांतले एक पॅरिसच्या राजोद्यानात गेले, एक वरिष्ठाला, एक त्याने स्वतःकडे ठेवले.

रोपे जगली, रनर सुटले, वाफे भरले, बागांतून बागांत गेली. फळ मात्र धरेना. वर्षानुवर्षे फुले येत आणि वाळून जात. कारण साधे होते, पण ते कळायला अर्धे शतक लागले. चिलीतल्या या जातीत नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात, आपल्या पपईसारखी. फ्रेझिएने निवडताना अर्थातच मोठी फळे लगडलेली झाडे निवडली. म्हणजे सगळी मादी. आणि रनरवरची रोपे ही तीच झाडे असल्यामुळे त्यांतून नर निघण्याचा प्रश्नच नव्हता. एका माणसाने एका दिवशी केलेली निवड पुढे हजारो रोपांत जशीच्या तशी चालत राहिली.

ब्रिटनीतल्या ब्रेस्त बंदराजवळच्या शेतकऱ्यांना यावर उतारा सापडला. चिलीच्या झाडांमध्ये उत्तर अमेरिकेतून आलेली लहान फळाची व्हर्जिनियन स्ट्रॉबेरी लावली की फळ धरते. दोन खंडांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन जाती युरोपातल्या वाफ्यात शेजारी आल्या. त्यांच्या संकरातून जे बी पडले, त्यातून आज जगभर खाल्ली जाणारी स्ट्रॉबेरी आली. वासामुळे तिला ‘अननसी’ हे नाव मिळाले. शास्त्रीय नावात अनानासा अजूनही आहे. हा संकर आहे हे आंत्वान निकोला द्युशेन या विशीही न गाठलेल्या मुलाने १७६६ साली आपल्या पुस्तकात मांडले. झाडांनाही नर-मादी असतात हे तेव्हा अनेक विद्वानांच्या गळी उतरत नव्हते.

तेव्हा नवेपण बीमधून येते आणि संख्या रनरमधून, ही वाटणी लक्षात ठेवायची. स्ट्रॉबेरीवरचे ते पिवळसर ठिपके बियांचे. त्यातला प्रत्येक रुजवला तर प्रत्येक रोप वेगळे निघेल, बहुतेक सुमार. पैदासकार अशी हजारो रोपे लावतो, एखादे ठेवतो आणि तिथून पुढे फक्त त्या एका रोपाचे रनर वाढवतो. महाबळेश्वरला लागणारी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन ही फ्लोरिडा विद्यापीठात निवडलेल्या एकेका बीजरोपाचीच लांबत आलेली काया आहे. कॅमारोझा तशीच कॅलिफोर्नियाची. भिलारला लोक पुस्तके पाहायला जातात (४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ आहे), तेव्हा भोवतीच्या शेतातल्या स्ट्रॉबेरीकडेही या नजरेने पाहावे. एकाच पुस्तकाच्या लाखो प्रती. छपाईची चूक असेल तर तीही सगळ्या प्रतींत.

आता रनर सुटतात कधी, ते पाहू. बगलेतल्या डोळ्याने रनर व्हायचे की क्राऊन, आणि क्राऊनच्या शेंड्याने फुलोरा धरायचा की नाही, हे ठरते दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की झाड रनर काढते. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की फुलाकडे वळते. बहुतेक प्रचलित जातींचे वागणे असे आहे. एकाच वेळी दोन्ही कामे ते नेटाने करू शकत नाही, म्हणून रोपवाटिकेत मातृरोपावर आलेली फुले खुडून टाकतात. यात आणखी एक गोष्ट मिसळते. मध्यंतरी काही आठवडे कडक थंडी मिळालेले झाड पुढे जोमाने रनर काढते. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या उंच, थंड पट्ट्यात रोपवाटिका आहेत त्या यासाठी. तिथे जूनमधला दिवस पंधरा तासांचा असतो आणि हिवाळा खरोखरचा. काही ठिकाणी तर झोपी गेलेली रोपे काढून शून्याखाली दोन अंशांच्या आसपास महिनोन्‌महिने शीतगृहात ठेवतात.

आपल्याकडे यातले काय आहे? नागपुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच संपतो. हिवाळ्याची रात्र एरवी बारा-तेरा अंशांची. आणि मध्ये तो उन्हाळा. नागपूरच्या पावसाळ्यात रनर सुटतात, नाही असे नाही, पण ते सुटतात उन्हाळ्यातून कसेबसे वाचलेल्या, थकलेल्या झाडाला, दमट उकाड्यात. महाबळेश्वरची उंची चौदाशे मीटरच्या जवळ, उन्हाळा सोसण्यासारखा. पण तिथला पाऊस असा की उघड्या वाफ्यात कोवळी रोपे कुजून जावीत. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी काम वाटून घेतले आहे. मातृरोपे बाहेरून, पुष्कळदा परदेशातून येतात. पावसाळ्यात त्यांचे रनर वाढवायचे ते पसरणी घाटाखाली, वाईच्या बाजूला, जिथे पाऊस त्या मानाने कमी. सप्टेंबरात तयार रोपे वर चढतात आणि लागवड होते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते फळाला. त्या फळाचे माहेर मात्र दरवर्षी दुसरीकडे असते, आणि यात कमीपणा काही नाही. फळ चांगले येण्याची जागा आणि रोप चांगले होण्याची जागा एकच असेल असे निसर्गाने कुठे लिहून दिले आहे?

हे सगळे मी आज ओळीने लिहिते आहे. त्या जुलैत मला एवढेच दिसत होते की फुकटात रोपे होत आहेत. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोके पाडली, कोकोपीट आणि गांडूळखत भरले, प्रत्येक पिलाखाली एक पिशवी सरकवली आणि केसांच्या पिना उलट्या खोचून रनर मातीला टेकवले. शेजारच्या मुली मदतीला यायच्या. झारीने रोज वरून पाणी. सप्टेंबरअखेर मोजली तर साठ रोपे, चार-चार पानांची. विकतची रोपे काय भावाने पडतात हे मला ठाऊक होते. विद्यार्थ्याला फोन केला. तो आधी थांबला, मग म्हणाला, ‘पाठवा मॅडम, एक वाफा करतो तुमच्या नावाचा.’ माझे मन मोडू नये म्हणून तो असे म्हणाला, हे आज कळते. त्याने विकतची रोपे आधीच लावली होती. माझा वाफा बसला तो उताराच्या वरच्या अंगाला.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या वाफ्यातली रोपे दुपारी माना टाकू लागली. संध्याकाळी सावरत, दुसऱ्या दुपारी पुन्हा पडत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतच नसत. पाणी कमी पडते आहे असे समजून त्याने पाणी वाढवले. डिसेंबरात मी गेले तेव्हा वरचा वाफा संपला होता आणि खालच्या दोन वाफ्यांत, त्याच्या विकतच्या रोपांत, तेच सुरू झाले होते. एक रोप उपटून मी क्राऊन उभा चिरला. निरोगी क्राऊन आतून पांढरट असतो. हा लालसर-तपकिरी होता, आणि तोही संगमरवरावर असतात तशा नक्षीने. कृषी विद्यापीठात काम केलेल्या एका परिचित रोगतज्ज्ञांनी पाहिल्याबरोबर नाव सांगितले: कोलेटोट्रिकम. एरवी ज्याला आपण करपा म्हणतो त्यातलाच प्रकार, क्राऊनमध्ये उतरलेला.

ही बुरशी आपल्याला अनोळखी नाही. आंब्याच्या मोहोरावर आणि फळावर काळे डाग पाडते ती याच घराण्यातली, मिरचीचे शेंडे वाळवते आणि पिकल्या मिरचीवर खोलगट चट्टे पाडते तीही. तिला लागते ऊब आणि ओल. पाण्याचा थेंब आपटून उडाला की त्याच्याबरोबर तिचे बीजाणू शेजारच्या पानावर जातात. म्हणजे उकाडा, पाऊस, दाटीवाटीने ठेवलेल्या पिशव्या आणि वरून झारीने पाणी: तिच्यासाठी याहून चांगला पाहुणचार मी करू शकले नसते. त्यातही कठीण भाग हा की रोपावर ती बरेच दिवस काहीही न दाखवता राहते. सप्टेंबरात माझी साठही रोपे हिरवीगार होती. रोग माझ्या गच्चीवर आला असो की मूळच्या बारा रोपांतल्या एखाद्यात झोपलेला असो, त्याला साठ घरे करून दिली मी.

विद्यार्थी मला काही बोलला नाही. ‘मॅडम, पाणी जास्त झालं असंल. तुम्ही कायले मनाला लावून घेता?’ एवढेच. त्याच्या हंगामातले तीन वाफे गेले होते, आणि अशा शेतात तीन वाफे म्हणजे मुलाच्या वसतिगृहाचे पैसे. तेवढी रक्कम मी देऊ केली. त्याने घेतली नाही.

रनरमधून बुरशीच जाते असे नाही. विषाणूही जातात, आणि ते अधिक गुपचूप जातात. स्ट्रॉबेरीचे काही विषाणू मावा पसरवतो. एकटादुकटा विषाणू अंगात असलेले झाड दिसायला ठणठणीत असते. दोन-तीन एकत्र आले की पाने लहान होतात, कडा पिवळ्या पडतात, फळ घटते, आणि शेतकरी म्हणतो, ‘जात जुनी झाली.’ जात जुनी होत नसते. तीच काया एका हंगामातून दुसऱ्यात जाताना दरवर्षी थोडा भार अंगावर घेत जाते. बीमधून निघालेले रोप यातले बरेचसे ओझे मागे टाकून येते. रनरला ती सोय नाही.

इतके झाल्यावर मला आपल्या संत्र्याची आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली. कारण हा धडा नागपूरने स्ट्रॉबेरीच्या कितीतरी आधी गिरवलेला आहे. संत्रे रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून इथे आणले असे सांगतात. तेव्हापासून आजपर्यंत ज्याला आपण नागपुरी संत्रे म्हणतो, २०१४ साली ज्याला मानांकन मिळाले, त्याचा प्रसार जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून होत आला. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटाच्या रोपवाटिकांत हे काम पाहण्यासारखे असते. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाच्या सालीत उलट्या टीसारखी चीर, तीत ढालीच्या आकाराचा डोळा, वरून पट्टी. सराईत हात बोलता बोलता शेकडो डोळे भरून मोकळे होतात. पण डोळा ज्या झाडाचा, त्या झाडाचे सगळे त्यात असते: गोडी, सालीचा सैलपणा, आणि ट्रिस्टेझासारखा विषाणू असेल तर तोही. ट्रिस्टेझा म्हणजे पोर्तुगीजमध्ये उदासी. बाग उदास होऊन संपते, म्हणून हे नाव.

संत्र्याच्या कुळात एक गंमत आहे, ती इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जंबेरीची एक बी पेरली तर पुष्कळदा तिच्यातून दोन-तीन रोपे येतात. त्यांतले एखादेच परागातून झालेले, म्हणजे खरे अपत्य. बाकीची बीच्या आत आईच्याच पेशींपासून बनलेली असतात. म्हणूनच जंबेरीचे खुंट बीपासून करूनही सारखे निघतात, आणि रोपवाटिकेतला जाणता माणूस फार बुटके किंवा वेगळ्या पानाचे रोप दिसले की उपटून फेकतो. शास्त्र न शिकता तो खरे अपत्य ओळखतो. आणि विशेष हे की ट्रिस्टेझा बीमधून पुढे जात नाही. म्हणजे आई तीच, पण न्हाऊन आलेली. फक्त असे झाड पुन्हा बाल्यात जाते, काटेरी होते, फळाला वर्षानुवर्षे लावते.

म्हणून दुसरी वाट शोधली गेली. झाडाच्या अगदी शेंड्यावर, मिलिमीटरहूनही लहान असा वाढीचा कण असतो. रोगट झाडातही तिथपर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो कण कापून परीक्षानळीत उगवलेल्या कोवळ्या खुंटावर बसवायचा, वाढवायचा, तपासायचा आणि निरोगी ठरला तरच त्याचे डोळे पुढे द्यायचे. अमरावती रस्त्यावरच्या, १९८५ साली सुरू झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत हे काम चालते. माझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिथे गेलेली आहे. स्ट्रॉबेरीची स्वच्छ मातृरोपे तयार करण्याची पद्धतही मुळात हीच: शेंड्याचा कण, प्रयोगशाळा, तपासणी, मग जाळीघरातली पहिली पिढी, तिचे रनर, आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या हाती जाणारे रोप. विकतच्या रोपाची किंमत असते ती या मधल्या पायऱ्यांची. त्या मला फुकट वाटल्या होत्या.

तरी ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांनी जरूर करावे, मी अडवणार नाही. फळ घेतलेल्या झाडाऐवजी एखादे तजेलदार, डागरहित रोप आईसाठी राखून ठेवावे आणि त्याची फुले खुडत राहावे. एका आईवर पाच-सहाच रनर ठेवावेत आणि माळेतली पहिली दोन पिले घ्यावीत. शेवटची कोवळी असतात. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर नाही. पावसाचे थेंब आपटू नयेत म्हणून वर पारदर्शक आडोसा, आणि पिशव्यांमध्ये हात जाईल एवढे अंतर. पिशवी हलकेच ओढून पाहावी. रोप घट्ट धरून असेल तर मुळे झाली, मग दोरी कापावी. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी. लावताना क्राऊनचा मध्य मातीच्या बरोबरीला हवा. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळे उघडी पडून वाळतात. निम्मी रोपे या एका गोष्टीने जातात. दुपारी माना टाकणारे रोप दिसले तर पाणी वाढवण्याआधी एक क्राऊन चिरून पाहावा. आणि अशी रोपे आपल्या गच्चीबाहेर, ज्याचे पोट त्या पिकावर आहे त्याच्या शेतात, पाठवू नयेत.

विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी ती जागा स्ट्रॉबेरीला दिली नाही, तिथे गहू केला. उरलेल्या क्षेत्रात नवी रोपे लावली आणि गाद्यांवर प्लास्टिकचे आच्छादन अंथरले. गेल्या दिवाळीला तो पुन्हा आला, पुन्हा थर्माकोलचे खोके घेऊन. ‘फळं खा, मग फेकून द्या,’ असे या वेळी त्याने म्हटले नाही. मीच म्हटले.

मार्चअखेर बाराही रोपे मी उपटली. त्यातल्या एकाने गुढीपाडव्याच्या सुमारास एक रनर काढला होता. दुसऱ्या पेराला दोन पाने उघडली होती, खाली मुळांचे कोंबही होते. तो कापला, कात्री पुसून ठेवली. कुंड्यांत आता मेथी आहे.